खेपेगणिक, हातागणिक आणि पासंग

प्रश्न असा आला आहे: "मी चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. मोजमापाच्या प्रशिक्षणाची इंग्रजी पत्रकं मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. भाषांतराच्या यंत्राने 'रिपीटॅबिलिटी'ला पुनरावृत्तीक्षमता, 'रिप्रोड्युसिबिलिटी'ला पुनरुत्पादनक्षमता, 'बायस'ला पूर्वग्रह आणि 'अ‍ॅग्रीमेंट'ला करार असे शब्द दिले. ऑपरेटर वाचतात आणि हसतात. बरे शब्द आहेत का? आणि 'अ‍ॅक्युरसी' व 'प्रिसिजन' दोन्हींना अचूकताच म्हणायचं का?"

मी हसणाऱ्यांच्या बाजूचा आहे. मायक्रोमीटरला पूर्वग्रह नसतो, दोन काटे एकमेकांशी करार करत नाहीत, आणि 'पुनरुत्पादनक्षमता तपासा' अशी पाटी शॉपफ्लोअरवर लावली तर पुढचे आठ दिवस तिथे दुसरा विषय निघणार नाही. यंत्राने शब्दाला शब्द ठेवला, एवढंच. आपण आधी वस्तू बघू आणि मग मराठी माणूस तिला काय म्हणत आला ते आठवू.

'बायस' म्हणजे माप दरवेळी एकाच बाजूला सरकलेलं राहणं. त्यासाठी तर बाजारात तयार शब्द पडून आहे: पासंग. माझ्या आजोबांचं किराणा दुकान होतं. दांडीचा तराजू, साखळ्यांना टांगलेली पितळी पारडी. पारडी रिकामी असली तरी दांडी काही केल्या आडवी राहायची नाही, म्हणून हलक्या बाजूच्या साखळीला तारेत गुंडाळलेला शिशाचा तुकडा बांधलेला असे. तो पासंग. शब्द फारसी आहे, त्यातल्या 'संग'चा अर्थ दगड. आता तो आपल्याला भेटतो तो बहुधा 'हा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' एवढ्यातच. म्हणजे त्याच्या बरोबरीने दुसऱ्या पारड्यात बसणं राहिलंच, तोल सावरायला बांधायच्या तुकड्याइतकंही याचं वजन नाही. यातली गंमत अशी की दोन पारड्यांत मुळात असलेल्या फरकालाही पासंग म्हणतात आणि तो मिटवायला बांधलेल्या तुकड्यालाही पासंगच. दोष आणि दुरुस्ती एकाच नावाने. मापनशास्त्रातही बायस आणि त्याची दुरुस्ती हे एकाच आकड्याचे अधिक आणि उणे असतात, त्यामुळे शब्द इतका चपखल बसतो की मला तो सोडवत नाही.

पासंगाचा स्वभाव ठरलेला. वीस ग्रॅमचा पासंग असलेल्या तराजूवर साखर तोला नाहीतर डाळ, किलोभर तोला नाहीतर पावशेर, तो वीस ग्रॅमच खाणार. एकदा कळला की वजा करून टाकता येतो. तराजूचा दुसरा आजार जास्त कावेबाज असतो. दांडीचे दोन हात मध्यापासून सारख्या लांबीचे नसले तर चूक वजनाबरोबर वाढत जाते. अशा तराजूची रिकामी पारडी पासंग लावून समतोल दाखवता येतात, त्यामुळे 'आधी काटा दाखवा' म्हणणारं चौकस गिऱ्हाईकसुद्धा फसतं. यावरची तपासणी साधी आहे आणि ती गाउस या गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते: वस्तू एकदा या पारड्यात, एकदा त्या पारड्यात ठेवून तोलायची. एकीकडे 1010 ग्रॅम आणि दुसरीकडे 990 भरली, तर खरं वजन जवळजवळ 1000. (काटेकोर गणित गुणाकाराच्या वर्गमुळाचं आहे. त्याने 999.95 येतं. किराणा दुकानात सरासरी चालते.) तुमच्या पत्रकात जिथे 'काही मापांना कमी, काही मापांना जास्त बायस' असा प्रकार येईल तिथे 'वाढता पासंग' लिहा. ही जोडी मी आत्ता जुळवली आहे, पण ऐकणाऱ्याला समजते.

उसाच्या पट्ट्यातल्या लोकांना इथे 'काटामारी' आठवली असेल. तो शब्द या पत्रकात आणू नका. पासंग अजाणता राहिलेला असू शकतो, काटामारीत मात्र वजन मारायचा हेतू असतो. हाच धोका 'चूक' या शब्दातही आहे. 'मेजरमेंट एरर'ला 'मोजमापातली चूक' म्हटलं की ऑपरेटरला वाटतं बोट आपल्याकडे दाखवलंय. पुस्तकी मराठीत 'त्रुटी' आहे. तो शब्द चालेल, पण त्यात काहीतरी अपुरं राहिल्याचा भाव येतो. मला 'तफावत' आवडतो. हिशेबाच्या वह्यांमध्ये वावरलेला शब्द, दोन आकड्यांमधलं अंतर सांगतो आणि ते कोणामुळे पडलं याबद्दल गप्प राहतो. व्हेरिएशनच्या पत्रकाला हवी ती तटस्थता त्यात आहे.

आता अ‍ॅक्युरसी आणि प्रिसिजन. 'अचूक' हा शब्द सरळ आहे, अ-चूक. 'नेमका' हा नेमाकडून आलेला आणि नेम हा नियमाकडून, म्हणून तो कधी ठरलेला, कधी निशाण्यावर बसलेला असे दोन्ही अर्थ देतो. 'तंतोतंत' कापडाकडून येतो, धाग्याला धागा. 'काटेकोर' या शब्दात तराजूचा काटा मला स्पष्ट दिसतो, आणि आज आपण तो माणसांनाही लावतो: काटेकोर माणूस म्हणजे काल जसा वागला तसाच आज वागणारा, शिस्तीत केसाचा फरक न करणारा. तो माणूस बरोबर असेलच असं मात्र या शब्दात कुठेही म्हटलेलं नाही! रोज न चुकता बरोब्बर दहा मिनिटं उशिरा येणारा माणूसही काटेकोरच. प्रिसिजनचा अर्थ नेमका हाच आहे.

दुसरा शब्द 'खरा'. 'काटा खरा आहे का?' हे मराठीत सहज विचारलं जातं, आणि त्याचा अर्थ पासंग नाही ना, एवढाच असतो. आयएसओ 5725 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 1994 सालच्या आवृत्तीने याच गोष्टीची फोड केली. तिथे अ‍ॅक्युरसी हा मोठा शब्द ठेवला आणि त्याच्या पोटात दोन भाग पाडले, ट्रूनेस आणि प्रिसिजन. मराठीत ही फोड एका ओळीत मावते: जे माप खरंही आहे आणि काटेकोरही, ते अचूक. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. अचूकता एकालाच द्या, प्रिसिजनला काटेकोरपणा ठेवा, ट्रूनेसला खरेपणा.

हिंदी पाठ्यपुस्तकांत यासाठी 'यथार्थता' आणि 'परिशुद्धता' ही जोडी आहे आणि ती मराठीतही उचलता येते. माझा आक्षेप असा की दोन्ही शब्द इतके सारख्या वजनाचे आहेत की परीक्षा झाल्यावर कुठला कशासाठी होता हे आठवत नाही. आणि परिशुद्ध म्हटलं की मला तुपाचा डबा दिसतो.

तुमच्या मुख्य जोडीकडे यायला मुद्दाम वेळ लावला, कारण तिच्यासाठी मला नाम सापडेना. बरेच दिवस 'पुनर्' घेऊन खेळत बसलो. पुनरावृत्ती, पुनर्मापन, पुनःप्रत्यय. सगळ्यांत 'पुन्हा' आहे, आणि तुमच्या दोन्ही संज्ञांमध्येही इंग्रजीत 'पुन्हा'च आहे, म्हणून तर त्या इंग्रजीतही लोकांना उलटसुलट आठवतात. फरक 'पुन्हा'मध्ये नाहीच. काय तेच राहिलं आणि काय बदललं, यात तो आहे. तोच माणूस, तेच उपकरण, तोच नग, आणि तरी दर खेपेला आकडा थोडा हलतो, ही रिपीटॅबिलिटी. उपकरण तेच, नग तोच, पण मोजणारा हात बदलला की आकडा हलतो, ही तुमच्या कारखान्यातली रिप्रोड्युसिबिलिटी. (प्रयोगशाळांच्या जगात उपकरण आणि जागाही बदलते.)

आणि मग लक्षात आलं की मराठीत यासाठी नाम लागतच नाही, एक प्रत्यय पुरतो: '-गणिक'. माणसागणिक, घरागणिक, पावलागणिक. म्हणून 'खेपेगणिक तफावत' आणि 'हातागणिक तफावत'. 'हात' मुद्दाम घेतला. आपल्याकडे कौशल्य हातात असतं, हात बसतो, स्वयंपाकाला एखाद्याच्या हाताची चव असते. शिवाय हात हे जुनं माप आहे, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं, आणि ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे ते बदलायचं. हातागणिक तफावतीचं याहून जुनं उदाहरण कुठून आणू?

एक नमुना करून बघू. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत. 20 मिलिमीटरचा शाफ्ट, डिजिटल मायक्रोमीटर. पहिल्या ऑपरेटरची तीन रीडिंग: 20.004, 20.005, 20.004. दुसऱ्याची: 20.011, 20.010, 20.011. दोघंही आपापल्या जागी काटेकोर आहेत, खेपेगणिक तफावत एका मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची. हातागणिक मात्र सहा-सात मायक्रॉन. कारण बहुतेक वेळा रॅचेटमध्ये सापडतं. एकजण रॅचेट (ठरावीक जोरानंतर घसरणारी टोकाची चकती) टकटक वाजेपर्यंतच फिरवतो, दुसरा थेट थिंबल, म्हणजे फिरतं नळकांडं, धरून आपल्या अंदाजाने आवळतो, आणि आवळण्याचा जोर प्रत्येकाचा वेगळा. दोघांपैकी खरा कोण, हे या सहा आकड्यांवरून सांगता येत नाही. त्यासाठी स्लिप गेज, म्हणजे माप ठाऊक असलेला पोलादी ठोकळा, लावून पासंग बघावा लागतो. पत्रकात हे वाक्य ठळक छापा, कारण गेज आर अँड आरचा, म्हणजे या दोन तफावती मोजणाऱ्या चाचणीचा, निकाल चांगला आला की उपकरण खरं आहे असं धरून चालणारे इंजिनिअरही मी पाहिलेत.

तुमच्याकडे ती चाचणी बहुधा दहा नग, तीन माणसं आणि दोन किंवा तीन खेपा अशी होत असेल. एकूण तफावतीच्या दहा टक्क्यांच्या आत मोजमापाचा वाटा आला तर छान, तीस टक्क्यांच्या वर गेला तर ती पद्धत कामाची नाही, हा वाहन उद्योगातला नेहमीचा दंडक. समजावताना एका जागी सगळे अडखळतात: खेपेगणिक तफावत 3 मायक्रॉन आणि हातागणिक 4 मायक्रॉन असेल तर मिळून 7 होत नाहीत, 5 होतात. इथे बेरीज वर्गांची असते, 9 आणि 16 मिळून 25. काटकोन त्रिकोण ज्याला आठवतो त्याला हे पटकन पटतं.

राहिला करार. दोन पद्धतींनी मोजलेलं एकमेकांशी कितपत जमतं, याला मी 'ताळमेळ' म्हणेन. बँकेच्या पासबुकाचा आणि आपल्या वहीचा लागतो तो. इथे 'जुळतात' हे क्रियापद टाळा, त्यातून मोठा घोटाळा होतो. आमच्या घरातलं एक घड्याळ सवयीने दहा मिनिटं पुढे लावलेलं आहे. ते आणि मोबाइल 'जुळतात' का? बरोबरीने चालतात हे नक्की, एक मिनिट इकडे सरकलं की तिकडेही सरकतं. पण दोघं वेगळी वेळ सांगतात. मराठी घड्याळाबद्दल फार नेटकं बोलते, बरं का: घड्याळ 'पुढे आहे' म्हणजे ठरावीक पासंग, 'पुढे जातं' म्हणजे पासंग रोज वाढतोय. तुमच्या 'ड्रिफ्ट'ला हेच वापरा. मायक्रोमीटर पुढे जातोय, ऑपरेटरला लगेच कळेल.

बरोबरीने चालणं म्हणजे सहसंबंध, एकच सांगणं म्हणजे ताळमेळ. या दोहोंची गल्लत वैद्यकीय संशोधनात इतकी होत होती की ब्लँड आणि ऑल्टमन या दोन सांख्यिकीतज्ज्ञांनी 1986 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यावर लेख लिहिला. त्यात जोरात फुंकून श्वासाचा वेग मोजायची दोन उपकरणं होती, एक मोठं आणि एक छोटं, आणि 17 माणसं. सहसंबंध 0.94 आला (पूर्ण सहसंबंध म्हणजे 1). तेवढंच बघून कोणीही छोटं उपकरण विकत घेईल. त्यांनी मग प्रत्येक माणसाच्या दोन मापांमधला फरक काढला. सरासरी फरक मिनिटाला अवघा 2.1 लिटर, म्हणजे पासंग जवळजवळ नाहीच. पण त्या फरकांचं प्रमाण विचलन, म्हणजे ते सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, 38.8 लिटर होतं, आणि एखाद्या माणसाच्या बाबतीत दोन उपकरणं एका बाजूला 80 तर दुसऱ्या बाजूला 76 लिटरपर्यंत फटकून राहू शकत होती. एवढ्या फरकाने औषधाचा निर्णय बदलतो. त्यांनी सुचवलेल्या या दोन टोकांना इंग्रजीत 'लिमिट्स ऑफ अॅग्रीमेंट' म्हणतात, त्याला मराठीत 'ताळमेळाच्या कडा' म्हणता येईल. कडा किती रुंद चालतील हे गणित सांगत नाही, डॉक्टर सांगतो. तुमच्याकडे ते ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी सूट, सांगेल. व्हर्निअर सोडून नवं ऑप्टिकल उपकरण घ्यायचं ठरत असेल तर विक्रेत्याकडून सहसंबंधाचा आलेख घेऊ नका, फरकांचा मागा.

मायक्रोमीटर, व्हर्निअर, गेज, रीडिंग, कॅलिब्रेशन यांना हात लावू नका, ते शब्द आता मराठीच आहेत. 'गेज आर अँड आर' हे नावही तसंच राहू द्या. फॉर्मच्या वर तेच असावं आणि खाली दोन रकाने, खेपेगणिक आणि हातागणिक. तुम्ही विचारला नाहीत पण पत्रकात हमखास येईल असा एक शब्द राहतो: 'ट्रू व्हॅल्यू'. यंत्र त्याला 'खरी किंमत' करेल. बीजगणितात क्षची किंमत काढतात ते ठीक, पण लाइनवर उभ्या माणसाला या नगाची खरी किंमत विचारलीत तर तो रुपयांत सांगेल. तिथे 'खरं माप' लिहा.