रजिस्ट्रेशन अजून यायचंय आणि नाईट लावलीय, करू का?

प्रश्न: सिस्टर नमस्कार, माझं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालं, रिझल्ट लागला, मार्कशीट हातात आहे. रजिस्ट्रेशनसाठी नर्सिंग कौन्सिलला अर्ज टाकलाय, फी भरलीय, पावती पण आहे, फक्त रजिस्ट्रेशन नंबर आला नाही अजून. सात रस्त्याजवळच्या एका हॉस्पिटलला जॉईन झाले, तिथले म्हणतात पावती आहे ना, मग तेच टेम्पररी रजिस्ट्रेशन समज. आता पहिल्याच महिन्यात नाईट लावलीय, वॉर्डात मी एकटी आणि एक मावशी. घरचे म्हणतात नोकरी मिळालीय तर गप कर. काय करू?
(एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: पावती म्हणजे रजिस्ट्रेशन नाही गं. पावती एवढंच सांगते की तू पैसे भरलेस. टेम्पररी, प्रोव्हिजनल, काहीही नाव दे, पण तो कागद कौन्सिलनं दिलेला पाहिजे, त्यावर नंबर पाहिजे आणि मुदत पाहिजे. हॉस्पिटलच्या एचआरनं तोंडी दिलेलं टेम्पररी रजिस्ट्रेशन असं काही नसतं. एमबीबीएसच्या पोरांचं बघ की, त्यांना इंटर्नशिपपुरतं प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशन मिळतं, पण ते मेडिकल कौन्सिल देतं आणि त्याच्या जोरावर कुणी विजापूर रोडला स्वतःचा दवाखाना टाकत नाही, सिनियरच्या हाताखालीच काम करायचं असतं.

आता नाईटचं. मला खरी काळजी त्याची आहे, कागदाची त्याच्यापेक्षा कमी. समज रात्री दोन वाजता शुगर वाढलेला पेशंट आहे, ऑर्डर 20 युनिट इन्सुलिनची. आपल्याकडं व्हायल बहुतेक 40 ची, म्हणजे एका एमएलमध्ये 40 युनिट, असते आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. पण स्टोअरमधनं त्या दिवशी 100 ची व्हायल आली, ट्रेमध्ये मात्र लाल टोपणाचीच सिरिंज पडलेली, आणि तू घाईत 20 च्या रेषेपर्यंत भरलंस तर पेशंटला गेलं अर्धा एमएल म्हणजे 50 युनिट. उलटं झालं, 40 ची व्हायल आणि नारिंगी टोपणाची 100 ची सिरिंज, तर 20 च्या रेषेला जातात फक्त 8. कॉलेजात तू हे शिकलीयस, परीक्षेत लिहिलं पण असशील, पण रात्री दोनला शेजारी उभं राहून "थांब, टोपण बघ" म्हणणारं माणूस लागतं आणि ते काम मावशीचं नाही. पोटॅशियमचं तर विचारूच नको, ते सलाईनमध्ये मिसळून हळूहळू द्यायचं औषध, सरळ शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं. इन्सुलिन, हेपारिन (रक्त पातळ करायचं औषध), पोटॅशियम, रक्त चढवणं, ही कामं रजिस्टर्ड सिस्टर शेजारी असल्याशिवाय करू नकोस, कोण रागावलं तरी.

मग सांगायचं कसं? भांडू नकोस. मेट्रनना, म्हणजे सगळ्या सिस्टरच्या प्रमुखांना, सरळ लिहून दे की माझा नंबर येईपर्यंत मला डे ड्युटी द्या किंवा नाईटला रजिस्टर्ड स्टाफबरोबर लावा. व्हॉट्सॲपवर टाकलंस तरी चालेल, मेसेज डिलीट मात्र करू नकोस. तोवर बीपी, टेम्परेचर, इनटेक आउटपुट, बेड करणं, सक्शनला मदत, यात खूप शिकायला मिळतं. आणि ड्रग चार्टवर दुसरीनं दिलेल्या औषधापुढं तुझी सही करायला सांगितली तर अजिबात नाही. तुझ्या नावापुढं स्टाफ नर्स असा शिक्का मारतायत का तेही बघ, तो नंबर आल्यावरच. उद्या काही झालं, पोलिसात किंवा ग्राहक कोर्टात केस गेली, तर आधी केसपेपर उघडतात आणि सही कुणाची, ही कोण, हिचा नंबर काय, इथूनच सुरुवात होते. तेव्हा "घरचे म्हणाले गप कर" हे ऐकून घ्यायला कुणी बसलेलं नसतं.

अजून एक. एम्सच्या नॉरसेट या नर्सभरतीच्या परीक्षेला जीएनएमवाल्यांना रजिस्ट्रेशन तर लागतंच, वर किमान 50 बेडच्या हॉस्पिटलचा दोन वर्षांचा अनुभव लागतो. हॉस्पिटल किती बेडचं आहे ते आत्ताच विचारून ठेव आणि अनुभवाच्या सर्टिफिकेटवर तारखा, हुद्दा सगळं खरं लिहून घे.

प्रश्न: मॅडम, बार्शीला माझं छोटं नर्सिंग होम आहे. रजिस्टर्ड सिस्टर मिळत नाहीत, मिळाल्या तर टिकत नाहीत, पुण्याला पळतात. नुकत्या पास झालेल्या मुली यायला तयार आहेत. पुतण्या अमेरिकेत असतो, तो म्हणतो तिकडं पास झाल्या झाल्या तात्पुरतं परमिट देतात. मग आपण का नाही चालवायचं?
(एक डॉक्टर)

उत्तर: डॉक्टर, पुतण्याचं खरंय पण त्यानं अर्धंच सांगितलं. टेक्सासमध्ये अमेरिकेतल्याच कॉलेजातून नुकत्या पास झालेल्या मुलीला ग्रॅज्युएट नर्स म्हणून परमिट मिळतं, पण ते नर्सिंग बोर्ड देतं, मुदत 75 दिवस, आणि एनक्लेक्स या तिथल्या लायसन्सच्या परीक्षेत नापास झाली की त्या दिवसापासून रद्द. त्या काळात तिला एकटं ठेवता येत नाही, रजिस्टर्ड नर्स त्याच युनिटमध्ये हाकेच्या अंतरावर लागते. कॅलिफोर्नियाचं परमिट जास्तीत जास्त सहा महिन्यांचं, तिथंही देखरेख आहेच आणि नापास झाली की संपलं. म्हणजे परमिट असलं तरी तिला शिकवायला एक रजिस्टर्ड माणूस लागतंच, आणि तुमची अडचण तर नेमकी तीच आहे. सिस्टर नाहीत म्हणून या मुली ठेवायच्या हा हिशोबच जुळत नाही.

मुलींना घ्या की, पण ट्रेनी म्हणून, ऑर्डरमध्ये तसं लिहून, आणि प्रत्येक शिफ्टला एक रजिस्टर्ड सिस्टर ठेवून. इन्स्पेक्शनला दाखवायच्या यादीत त्यांना स्टाफ नर्स म्हणून घालू नका. अर्जाची फी तुम्हीच भरलीत तर पोरी थोड्या जास्त टिकतील असं मला वाटतं. पगाराबद्दल मी बोलले तर तुम्हाला राग येईल, पण पुण्याला का पळतात ते तुम्हाला माहितीच आहे.

प्रश्न: माझ्या बहिणीचं जीएनएम विजापूरला झालं, आम्ही अक्कलकोटचे. ओळखीतला एक जण म्हणतो मुंबईला जाऊन महाराष्ट्राचं रजिस्ट्रेशन थेट करून आणतो, पैसे द्या. द्यावे का?
(भाऊ)

उत्तर: देऊ नका. जिथं शिक्षण झालं त्या राज्याच्या कौन्सिलला आधी नोंद, म्हणजे तुमच्या बहिणीची कर्नाटकात. ते झालं की तिथलं ना हरकत घेऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं अर्ज. सोलापुरातल्या कितीतरी पोरी विजापूर, गुलबर्ग्याला शिकतात आणि सगळ्यांना हे दोन टप्पे करावे लागतात, त्यामुळं वेळ जास्त धरूनच चाला. मधला माणूस सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला जाऊन येईल आणि तुम्हाला तीच पावती आणून देईल जी तुम्हाला घरबसल्या मिळते.

अर्ज करायच्या आधी एकच काम नीट करा, दहावीचं सर्टिफिकेट, जीएनएमची मार्कशीट आणि आधार शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग अक्षर अक्षर जुळवा. कर्नाटकात बऱ्याचदा वडिलांच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर लिहितात, आपल्याकडं पूर्ण नाव आणि आडनाव, तिथंच अर्ज अडकतो. लग्न झालेलं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला पण जोडा.