नाताळचा फराळ: वहीतलं माप आणि आजची शेगडी

डिसेंबरच्या अंकासाठी आलेल्या पत्रांत एक तक्रार सारखी दिसली: ‘आजीच्या वहीत लिहिलंय तसंच केलं, तरी बिघडलं.’ वहीत चूक क्वचितच असते. वहीत ‘गूळ’ लिहिलंय तो माडाचा, ‘आंबवण’ म्हणजे ताडी आणि ‘भाजणं’ म्हणजे झाकणावर निखारे. हे त्या घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं, म्हणून कुणी लिहिलं नाही. पुढची उत्तरं वाचताना एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : आजीच्या वहीत दोदोलचं माप असं आहे: ‘पाव शेर तांदूळपीठ, एक शेर काळा गूळ, चार नारळ.’ हा शेर किती धरायचा? मी अंदाजानं केलं, तर दोदोल कणीदार झालं आणि वडी पडलीच नाही. (वाचक, कलिना, मुंबई)

पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. पण जुन्या मुंबईत त्याहून पुष्कळ लहान शेरही चालत असे, शिवाय धान्य मापायचा शेर निराळाच. त्यामुळे शेराच्या मागे लागू नका. वहीत मोजून लिहिलेली वस्तू शोधा, नारळ किंवा अंडी. नारळ तेव्हाही नारळच होता. चार नारळांच्या दुधाला २३३ ग्रॅम पीठ आणि ९३३ ग्रॅम गूळ हे प्रमाण अगदी बसतं, तेव्हा तुमच्या वहीतला शेर पक्काच आहे. सोपं करून २५० ग्रॅम पीठ आणि १ किलो गूळ घ्या. (वहीत कुठे ‘रत्तल’ आला तर तो पौंड, ४५४ ग्रॅम.)

आता कणी. तुम्ही बहुधा गुळाचा पाक करून त्यात पीठ सोडलंत. पीठ फुगायला पाणी लागतं आणि गूळ ते पाणी स्वतःकडे धरून ठेवतो. मग पीठ कितीही वेळ शिजवा, आतून कच्चंच राहतं. म्हणून क्रम बदला. चार नारळ खवून कोमट पाण्याच्या एका कपाबरोबर पहिलं घट्ट दूध काढा, साधारण अर्धा लिटर, आणि ते बाजूला ठेवा. त्याच चोथ्याचं दुसरं आणि तिसरं दूध मिळून दीड लिटर होईल. या पातळ दुधात पीठ गार असतानाच कालवा, गाळा आणि मध्यम आचेवर खिरीसारखं शिजू द्या. बोटांत चोळल्यावर कणी लागली नाही की मगच गूळ.

माडाच्या गुळात वाळू आणि काड्या असतातच. तो कपभर पाण्यात वेगळा वितळवून फडक्यातून गाळा. गोव्यातला पिरॅमिडच्या आकाराचा काळा गूळ म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतो. उसाचा गूळ घातला तर पदार्थ होईल, पण नुसता गोड. माडाच्या गुळाची ती किंचित खारट, धुरकट चव येणार नाही. उसाचाच घालायचा झाला तर ८०० ग्रॅम पुरे, आणि आधी चमचाभर गूळ थोड्या दुधात उकळून पाहा. आंबट गुळानं दूध फाटतं.

गूळ घातल्यावर अर्ध्या तासानं घट्ट दूध, अर्धा चमचा मीठ आणि १०० ग्रॅम काजूचे तुकडे घाला. इथून पुढे दीड तास हात थांबवायचा नाही. जाड बुडाची कढई आणि लांब दांड्याचा लाकडी उलथणा हवा. घरात दोन माणसं हवीत, हेही साहित्यातच धरा. गोळा कढई सोडू लागतो आणि कडेनं तेल सुटतं, तेव्हा बहुतेक जण खूश होऊन गॅस बंद करतात. वडी न पडण्याचं कारण बहुधा हेच. तेल सुटू लागल्यावर आणखी १५ ते २० मिनिटं लागतात. चमचाभर गोळा गार ताटलीत टाकून दोन मिनिटांनी बोटानं दाबा. बोटाला चिकटला नाही तरच उतरवा. डब्यातलं नारळाचं दूध वापरलं असेल तर तेल सुटायची वाट पाहू नका. त्यात दूध न फुटण्यासाठी घातलेले पदार्थ असतात, ते तेल धरून ठेवतात. अशा वेळी ताटलीची परीक्षा तेवढी खरी. ताटात थापून रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच कापा.

प्रश्न : पूर्वी आमच्याकडे फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) ताडीत व्हायचे. आता ताडी मिळत नाही. यीस्ट घालते, पण फुगे चपटे होतात, शेपट्या येतात आणि ती चवही नाही. (वाचक, वसई)

यात तीन वेगळे दोष आहेत.

चव: ताडीत यीस्ट असतं तसे आंबटपणा आणणारे जिवाणूही असतात. पाकिटातलं यीस्ट पीठ फुगवतं, पण आंबट करत नाही. म्हणून आदल्या रात्री १०० ग्रॅम मैदा, १०० मिली पाणी आणि चिमूटभर यीस्ट कालवून झाकून ठेवा. सकाळी त्याला ताडीच्या जवळ जाणारा वास येतो. अगदी ताडीसारखी चव येत नाही, पण फरक कळतो. नीरा आणून उपयोग नाही. ती न आंबलेली असते, तिनं पीठ चढत नाही.

सकाळी त्या आंबवणात ४०० ग्रॅम मैदा, ३ अंडी, ३० ग्रॅम साखर, ८ ग्रॅम मीठ, ३ ग्रॅम यीस्ट, एक मोठा चमचा तूप आणि बसेल तसं २२५ ते २५० मिली कोमट नारळाचं दूध घाला. दूध गरम असेल तर यीस्ट मरतं. बोट बुडवून ऊब जेमतेम कळावी. पीठ पोळीच्या कणकेसारखं झालं तर फुगे दडस होणार. ते हाताला चिकटलं पाहिजे आणि उचललं की लोंबलं पाहिजे. परातीत तळव्यानं आपटत १० मिनिटं फेसा. मग झाकून उबेला ठेवा. डिसेंबरात दुप्पट व्हायला ३ ते ४ तास लागतात, घाई करू नका.

चपटेपणा: पीठ चढल्यावर तुम्ही ते ढवळता. तिथेच सगळी हवा जाते. ढवळायचं नाही, मळायचं नाही. पातेल्याच्या कडेकडेनं उचलत जा.

शेपट्या: हात कोरडा असला की येतात. मिठाच्या पाण्यात हात बुडवा, मूठभर पीठ घ्या, मूठ आवळा आणि अंगठा व तर्जनीच्या मधून लहान लिंबाएवढा गोळा वर आला की ओल्या अंगठ्यानं तोडून तेलात सोडा. दर चार-पाच फुग्यांनी हात पुन्हा ओला. तेल किमान तीन इंच खोल हवं, कारण फुगा तरंगून स्वतःच उलटतो आणि त्याला तेवढी जागा लागते. तापमान १७० अंशांच्या आसपास. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका: तीन-चार सेकंदांत वर यावा, पण लगेच तांबूस होऊ नये. थेंब पडताक्षणी काळपटला तर फुगे बाहेरून लाल आणि आतून कच्चे निघतील. एवढ्या पिठात ४५ ते ५० फुगे होतात. इंद्याल (फुग्यांबरोबर खायचा मांसाचा रस्सा) आदल्या दिवशी करून ठेवा, फुगे मात्र ताजेच.

प्रश्न : छोट्या ओटीजीत (विजेच्या ओव्हनमध्ये) बेबिंक, म्हणजे आपला थराथरांचा गोड केक, होईल का? माझे थर एकमेकांत मिसळतात आणि वरचे दोन थर पिठूळ लागतात. (वाचक, मडगाव)

होईल. बेबिंकला वरून आच लागते. पूर्वी झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवत, तेच काम आता वरची कॉइल करते. (गोव्याच्या बेबिंकला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण घरच्या वहीत अंड्यांचा आकडा दर घरी निराळा, त्यावरून भांडू नये.)

१८ सेंटिमीटरच्या टिनासाठी १२ बलक, ५०० मिली घट्ट नारळाचं दूध, ३५० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम मैदा, अर्धं जायफळ, चिमूट मीठ आणि थरांसाठी २०० ग्रॅम तूप. साखर कोमट दुधात विरघळवून पूर्ण गार करा, मग बलक आणि मैदा घाला. गाळा, अर्धा तास ठेवा.

पहिला थर खालच्या-वरच्या दोन्ही कॉइलवर, १८० अंशांवर, १२ ते १५ मिनिटं. त्यानंतर फक्त वरची कॉइल. प्रत्येक थराआधी चमचाभर कडकडीत तूप पसरा, मग १५० मिली मिश्रण ओता. मोजूनच ओता, पळीचा अंदाज नको. प्रत्येक थर ८ ते १० मिनिटं, वर तपकिरी डाग पडेपर्यंत. हा तपकिरी पापुद्राच कापल्यावर रेघ म्हणून दिसतो. तो पडायच्या आत पुढचा थर ओतला की थर मिसळणारच. तिसऱ्या थरापासून टिन दुसऱ्या ट्रेमध्ये ठेवा, म्हणजे बूड करपत नाही.

वरचे थर पिठूळ होतात कारण मैदा तळाशी बसतो आणि शेवटी सगळा तिथेच येतो. दर वेळी ओतण्याआधी मिश्रण खालपासून ढवळा. या मापात सात थर होतात. गरम बेबिंक कापू नका. दुसऱ्या दिवशी उलटं करून पातळ कापा.

प्रश्न : कुलकुल (गुंडाळून तळलेला गोड खाऊ) तेलात उकलतात. (वाचक, पुणे)

पीठ कोरडं आहे, किंवा लाटताना वरून मैदा भुरभुरता. ५०० ग्रॅम मैद्याला १०० ग्रॅम बारीक रवा, ६० ग्रॅम तुपाचं कडकडीत मोहन, १०० ग्रॅम पिठीसाखर आणि लागेल तसं नारळाचं दूध. ओल्या फडक्याखाली तासभर ठेवा. गोटीएवढा गोळा काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळा, शेवटची कड बोटानं चिकटवा आणि कड खाली ठेवून मंद आचेवर तळा. पाकात घोळवायचे असतील तर कुलकुल आणि डबा दोन्ही गार हवेत, नाहीतर साखर पाझरते.

प्रश्न : लंडनमध्ये चांगले पेरू मिळत नाहीत. पेराड (पेरूच्या गराची वडी) कशाचं करू? (वाचक, लंडन)

क्विन्सचं (सफरचंदाच्या जातीचं आंबट-तुरट फळ) करा. पोर्तुगिजांची मार्मेलाद याच फळाची, आणि ते तिकडे शरद ऋतूत मिळतं. फोडी मऊ उकडून चाळणीतून काढा. १ किलो गराला ८०० ग्रॅम साखर, दोन लिंबांचा रस आणि शेवटी ५० ग्रॅम लोणी. क्विन्समध्ये पेक्टिन (गर घट्ट करणारा घटक) भरपूर, त्यामुळे पेरूपेक्षा लवकर आळतं. पेरूचंच करणार असाल तर दोन भाग पिकलेले आणि एक भाग अर्धे कच्चे घ्या. नुसत्या पिकलेल्या पेरूंची वडी चिकट राहते. रटरटताना गर अंगावर उडतो, तेव्हा खोल भांडं आणि लांब दांड्याचा चमचा घ्या.

प्रश्न : हे सगळं कोणत्या क्रमानं करावं? (वाचक, अलिबाग)

पेराड आणि दोदोल १५ तारखेच्या आसपास, कारण दोन्ही टिकतात. कुलकुल १८-१९ ला. बेबिंक २२ ला, आणि फ्रिजमध्ये. सोर्पोतेल (डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट रस्सा) असेल तर तेही २२ ला करा, शिरका मुरायला दोन-तीन दिवस हवेत. ते फ्रिजमध्ये ठेवा आणि वाढताना लागेल तेवढंच काढून चांगलं उकळा. ओल्या नारळाच्या नेवऱ्या २४ ला, त्याआधी नको, वास येतो. फुग्यांचं आंबवण २४ च्या रात्री, मिस्साला निघण्यापूर्वी.