वसंतात केप्याची जुनी बाग

प्रश्न : फाल्गुनात आईला एखाद्या जुन्या घराची बाग दाखवावी, असे मनात आहे. तिला फार चालवत नाही. कोठे जावे? – एक वाचक, फोंडा

उत्तर : आपण दक्षिण गोव्यातील केप्याला जावे. तेथील चर्चसमोर, कुशावतीच्या काठी, जुझे पावलो द आल्मेदा या पोर्तुगीज धर्मगुरूने १७८७ साली बांधलेला ‘पालासियो दो देआंव’ हा वाडा आहे आणि त्याची बाग घराइतक्याच मायेने जपलेली आहे. चांदरचे मिनेझिस ब्रागांझा घर अधिक प्रसिद्ध असले, तरी तेथे पाहण्याजोगे आहे ते दिवाणखान्यात. बागेसाठी केपेच बरे. आपल्याकडचा वसंत म्हणजे निम्मा उन्हाळाच असल्याने सकाळी वाडा उघडताच पोहोचावे, म्हणजे आईंना सावलीत निवांत बसता येईल. घरात मालकांचे वास्तव्य असते, म्हणून आधी दूरध्वनी करावा. जेवणासाठी तर पूर्वसूचना हवीच. याच दिवसांत सुरंगी फुलते. तिच्या फुलांचे झुबके थेट फांद्यांना बिलगलेले असतात, त्यामुळे झाड दिसण्याआधी बहुधा वासच येतो. वाटेत तिचा वळेसर, म्हणजे फुलांचा गजरा, मिळालाच, तर आईंसाठी अवश्य घ्यावा.