पैलवान मुलगा, वजनगट आणि उपास

प्रश्न : माझा १९ वर्षांचा मुलगा कोल्हापुरात तालमीत राहतो. वजनगटात बसण्यासाठी तो उपाशी राहतो आणि घरी आला की रात्री लपून भरमसाट खाऊन उलटी काढतो. हे म्हणतात, ‘पुरुषाला कसला आलाय असला आजार?’ मी काय करावे?

उत्तर : हा समज एकट्या तुमच्या यजमानांचा नाही. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात २०१३ पर्यंत पाळी थांबणे हा अतिकृशतेच्या आजाराचा (अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे खाणे टाळून धोकादायक कृश होणे) एक निकष होता. म्हणजे पुरुष त्या व्याख्येत नीट बसतच नव्हता. उपासानंतर भूक अनावर होणे हा शरीराचा धर्म आहे, दुबळ्या मनाचा पुरावा नव्हे. मात्र ज्या गावात पैलवानाच्या देहाकडे सारे कौतुकाने पाहतात, तिथे ‘मुलगे रडत नाहीत’ असे ऐकत वाढलेल्या मुलाला हरण्याची भीती बोलून दाखवता येत नाही आणि ती ताटावर निघते. (‘एवढंच खाल्लंस?’ आणि ‘पोट सुटलं की रे!’ ही दोन्ही वाक्ये बहुधा एकाच घरात उच्चारली जातात.) त्याच्या दिसण्यावर कोणीही, कौतुकानेसुद्धा, बोलू नये.

वारंवार उलट्यांमुळे रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून आधी रक्ततपासणी व ईसीजी करून घ्यावा. भोवळ आल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीत बोलता येते. वस्तादांना काय सांगायचे ते मुलाला विचारून ठरवावे. परंतु उपचार सुरू असेपर्यंत वजन उतरवणे थांबवावेच लागेल.