१९१४पासून नको, हडपसरपासून सुरुवात कर

पुणे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

पहिल्या महायुद्धाच्या कारणांवरचा तुझा निबंध दोनदा वाचला. १९१४च्या जुलैच्या तारखा चोख आहेत. पण युद्ध 'अटळ' होतं असं लिहून तू मोकळी झालीस, ते मला पटत नाही. शेजाऱ्यांमधलं बोलणं कुठे तुटतं, हे बघायला सर्बियापर्यंत जायला नको.

२५ ऑक्टोबर १८०२ला, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. पेशवा दुसरा बाजीराव कोकणातून वसईला गेला आणि ३१ डिसेंबरला ईस्ट इंडिया कंपनीशी तह करून बसला. त्यातली सहा हजारांची तैनाती फौज (पेशव्याच्या खर्चाने ठेवायची कंपनीची फौज) आणि तिच्यासाठी दिलेला २६ लाख उत्पन्नाचा मुलूख सगळ्यांना पाठ असतो. मला जास्त घातक वाटतं ते वेगळंच कलम: कंपनीला आधी कळवून, तिच्याशी मसलत केल्याशिवाय पेशव्याने कोणत्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत. निजामाशी असलेले जुने वादही कंपनीच्याच निवाड्यावर सोपवले. शिंद्यांचा वकील पुण्यात आला, तरी त्याला स्वतःच्या हिमतीवर उत्तर देणारं शनिवारवाड्यात आता कुणी उरलं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले निजामाच्या सरहद्दीजवळ तळ देऊन होते. निजाम कंपनीचा दोस्त, म्हणून तो तळ कंपनीला धमकी वाटला. शिंद्यांकडचा कंपनीचा वकील, म्हणजे रेसिडेंट, कॉलिन्स म्हणे, आधी मागे जा. शिंदे-भोसल्यांचं म्हणणं, तुमच्या फौजा मुंबई, मद्रास, श्रीरंगपट्टणला परत जाऊ द्या, आम्ही बऱ्हाणपूरला जातो. आधी हलेल तो उघडा पडेल, ही भीती दोन्हीकडे खरी होती. ३ ऑगस्ट १८०३ला कॉलिन्सने छावणी सोडली. युद्ध पेटलं आणि १२ तारखेला शिंद्यांचा अहमदनगरचा किल्ला कंपनीच्या हाती पडला. होळकर बाजूला राहिले. त्यांची पाळी पुढच्या वर्षी आली.

आता तुझ्या जुलैकडे ये. रशियाने फौजेची जमवाजमव थांबवावी म्हणून जर्मनीने १२ तास दिले, कारण रशिया तयार होण्याआधी त्याचा दोस्त फ्रान्स संपवायचा, हे त्यांच्या सेनापतींनी कधीच ठरवून टाकलं होतं. तिथे दोस्तीच्या तहांनी राजदूतांच्या हातातला वेळच काढून घेतला. हे तुझ्या निबंधात यायला हवं होतं.

भारत इतिहास संशोधक मंडळात जा, पुणे रेसिडेन्सीचा, म्हणजे कंपनीच्या पुण्यातल्या वकिलातीचा, छापील पत्रव्यवहार मागून बघ. प्रत्येक पत्रापुढे वहीत टिपून ठेव: 'हो' म्हणण्याआधी या माणसाला कुणाला विचारावं लागत होतं? मग निबंध पुन्हा लिही आणि मला आणून दाखव.

तुझा,
सर