तलाठी व्हावं का? आधी त्या पॉलिसीचं बोलू

प्रश्न: वय ३१. नाशिकला खासगी कंपनीत सात वर्षं आहे, हातात ४६ हजार पडतात. तलाठी भरतीत धुळे जिल्ह्यात निवड झाली आहे. पत्नी खासगी शाळेत शिकवते, तिला १४ हजार. मुलगी तीन वर्षांची, आईवडील आमच्याकडेच. सरकारी नोकरीत पेन्शन आहे, आठव्या वेतन आयोगात पगार अडीचपट होईल असं सगळे म्हणतात. पण आत्ता हातातला पगार कमी होतोय. काय करावं? टॅक्स वाचवायला बँकेतून वर्षाला ९६ हजारांची पॉलिसी घेतली आहे (१२ हप्ते, २० वर्षांनी २४ लाख म्हणजे दुप्पट, दुसरा विमा नाही). दोन भरले, तिसरा पुढच्या महिन्यात आहे. नव्या पगारात तो जमेल ना?

उत्तर: जमेल की नाही हा प्रश्नच नाही. भरायचा कशाला, ते सांगा.

टॅक्स वाचवायला म्हणता. तुमचं उत्पन्न वर्षाला सहा लाखांच्या आसपास. नव्या करप्रणालीत पगारदाराला आज पावणेतेरा लाखांपर्यंत कर शून्य आहे. तुम्ही पॉलिसी घेतलीत तेव्हाही साडेसात लाखांपर्यंत नव्हता. जो कर लागतच नव्हता तो वाचवायला तुम्ही जवळजवळ दोन लाख भरून बसलात. काउंटरपलीकडच्या माणसाला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही.

आता ते ‘दुप्पट’. साडेअकरा लाख भरून वीस वर्षांनी २४ लाख, म्हणजे वर्षाला जेमतेम पाच टक्के. हेच हप्ते पीपीएफमध्ये भरले असते तर आजच्या ७.१ टक्क्यांनी ३२ लाख झाले असते. त्याहून बोचरा हिशेब पुढे आहे. भरलेले दोन हप्ते पूर्ण बुडाले असं धरा, उरलेले दहा त्याच तारखांना पीपीएफमध्ये टाका. तरी वीस वर्षांअखेर साडेचोवीस लाखांच्या पुढे जाता. (दर बदलू शकतो, पण पाच टक्क्यांवर यायला तो बराच पडावा लागेल.) शिवाय सगळं बुडणारही नाही. सरेंडर केली (मुदतीआधी मोडली) तर किती, पेड-अप ठेवली (पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली) तर किती, हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा. शाखेतला माणूस ‘अजून दोनच वर्षं भरा’ म्हणेल. ऐकू नका.

आणि विमा म्हणून पाहिली तर? अशा पॉलिसीत कव्हर साधारण हप्त्याच्या दहापट, म्हणजे दहा लाखसुद्धा नाही. घरखर्च महिना तीस हजार धरला तर तीन वर्षं पुरणार नाही. घरात चार माणसं तुमच्यावर अवलंबून आहेत. अनुकंपाचा (कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर वारसाला मिळणाऱ्या सरकारी नोकरीचा) भरवसा धरू नका, यादीत नाव लागून नोकरी मिळेपर्यंत वर्षं जातात. एक कोटीचा टर्म विमा (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा) तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, वर्षाला बारा-पंधरा हजारांत बसतो. तो आधी हातात घ्या, मग जुनी बंद करा.

आता नोकरी. मूळ वेतन २५,५००, महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर १४ हजार, गावात घरभाडे भत्ता दहा टक्के. एकूण ४२ हजार. एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजनेचे) दहा टक्के आणि व्यवसायकर जाऊन हातात ३८. म्हणजे आठ हजारांनी कमी. पण एनपीएसमध्ये सरकार १४ टक्के घालतं, त्यामुळे महिना साडेनऊ हजार तुमच्या नावे साठतात. सध्या पीएफमध्ये दोन्हीकडचे मिळून साडेतीन-चार हजार जात असतील. एकूण घाटा दोन-अडीच हजारांचा.

खरा खर्च दुसरीकडे आहे. कुटुंब नाशिकला, तुम्ही सज्जावर (तलाठ्याकडच्या गावांत), हे ठरलं असेल तर खोली, जेवण, दर शनिवारची एसटी मिळून आठ-नऊ हजार जातील. पत्नीची नोकरी सुटली तर १४ हजार. पत्रात यावर तुम्ही एक ओळही लिहिली नाही. तलाठ्याच्या बदल्या जिल्ह्यातल्या जिल्ह्यात होतात. नाशिकला येणं म्हणजे आंतरजिल्हा बदली, आणि तिच्या भरवशावर घर मांडू नका.

पेन्शनचंही तुम्ही समजता तसं नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्यांना जुनी पेन्शन नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राच्या धर्तीवरच्या योजनेला मान्यता दिली: २५ वर्षं सेवा झाली तर शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मं. तुम्ही ५८ ला निवृत्त व्हाल, सेवा २७ वर्षं, म्हणजे बसता. पण निम्मं वेतनही आणि साठलेला सगळा पैसाही, असं मिळणार नाही. रुजू होताना पर्याय कोणते, ते आस्थापना शाखेत विचारून घ्या.

अडीचपटीचं सोडून द्या. सातव्या आयोगातही २.५७ चा गुणक होता. त्यातले २.२५ म्हणजे जुनं मूळ वेतन आणि त्यात मिसळलेला १२५ टक्के महागाई भत्ताच होता. खरी वाढ १४ टक्क्यांच्या आसपास. आणि राज्यात तो आयोग २०१६ पासून लागू धरला, तरी हातात यायला जानेवारी २०१९ उजाडला.

तरीही मी म्हणेन, रुजू व्हा. सात वर्षांत ४६ हजारांवर आलेल्या खासगी नोकरीत पुढची वीस वर्षं कशी जातील याची खात्री कोणी देणार नाही. इथे दर वर्षी तीन टक्के वाढ आणि वर महागाई भत्ता. फक्त नियुक्तीचा आदेश हातात पडल्याशिवाय राजीनामा देऊ नका. निवड यादीत नाव येणं वेगळं.

हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो का, ते मात्र आजच पाहा. जात असेल तर बँकेला लेखी देऊन तो आदेश थांबवा आणि अर्जावर पोच घ्या.