त्यानं मला 'स्टूड अप' केलं, म्हणजे काय केलं?

प्रश्न: माझी पोरगी बेंगळुरूला नोकरीला आहे. परवा फोनवर म्हणाली, मैत्रिणीनं 'स्टूड मी अप'. मला वाटलं कुणी उभं केलं बसमध्ये. नेमका अर्थ सांगा. (एक वाचक, खानापूर)

उत्तर: काका, उभं राहण्याशी इथं काही संबंध नाही बघा. भेटायचं ठरलं, वेळ ठरली, आपण जाऊन थांबलो आणि समोरचा न सांगताच आला नाही, तर त्याला 'स्टँड अप' करणं म्हणतात, म्हणजे आपल्याकडं टांग दिली म्हणतात ना तेच. समजा खडेबाजारात पाचला भेटू म्हणून मित्र आलाच नाही, फोनपण उचलला नाही, तर 'ही स्टूड मी अप'. उशिरा आला किंवा आधीच कळवून रद्द केलं तर हे चालत नाही, न कळवता न येणं हाच त्यातला डंख. जास्त करून प्रेमातल्या भेटीबद्दल वापरतात, पण मित्रमैत्रिणीतही चालतं, तेव्हा पोरीबद्दल लगेच शंका नको.

वापरताना 'मी', 'हिम', 'हर' मधेच घालायचं, 'स्टूड अप मी' म्हटलं की चुकलं. आपलीच फजिती सांगायची तर 'आय वॉज स्टूड अप' किंवा 'आय गॉट स्टूड अप'. आणि मागं 'फॉर' लागलं की अर्थ पार उलटा, 'शी स्टूड अप फॉर मी' म्हणजे ती माझ्या बाजूनं उभी राहिली, हे मात्र नीट लक्षात ठेवा. ऑफिसच्या मेलमध्ये हा शब्द टाकू नये, तिथं 'डिड नॉट कम' साधं आणि बरं.